हळदीची वाट, मोकळी वाट

हिंगोलीतल्या त्या दुकानात ऊन नव्हतं, हीच माझी पहिली तक्रार होती. काचेचा दरवाजा, आत गारवा, वर पांढरे दिवे आणि दिव्यांखाली ओळीने मांडलेले लॅपटॉप. मी दुकानदाराला म्हटलं, यातला एक मला बाहेर उन्हात नेऊन बघायचाय. तो म्हणाला, "मॅडम, डिस्प्ले एकदम फर्स्टक्लास है, अंदर ही देख लो ना." मी म्हटलं, मी आत बसून काम करत नाही.

बरीच घासाघीस झाल्यावर त्याने मनावर दगड ठेवून हो म्हटलं. मी तो लॅपटॉप दोन्ही हातांत धरून रस्त्यावर आणला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला. मार्च महिना, दुपारचे दोन. जीपमध्ये आमच्या दवाखान्यातले मामा बसले होते. ते खाली उतरले, चष्मा वर-खाली करून स्क्रीनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात तं माझंच तोंड दिसून राहिलं. वाट कुठं हाय?" दुकानदार आमच्या मागे उभा होता. त्याने लॅपटॉप उचलला, फडक्याने पुसला आणि आत घेऊन गेला.

मी जनावरांची डॉक्टर. कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरहून आत गेलं की आमचा दवाखाना लागतो. दवाखाना डांबरी रस्त्यावर आहे, पण जनावरं काही डांबरी रस्त्यावर येऊन आजारी पडत नाहीत. ती पडतात माळाच्या पलीकडे, ओढ्याच्या काठी, तांड्यावर, कुणाच्या तरी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर. तिथे जायला पांदण आहे, गाडवाट आहे, कधी नुसती ढोरांच्या पायांनी पडलेली रेघ आहे. म्हणून मी एका ठेकेदाराकडून जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर मिळणारी. माहेरी आमच्याकडे स्कूटरच्या पलीकडे कुणी काही चालवलं नव्हतं. लेक जीप चालवते हे वडील हिंगोलीत विहारात भेटेल त्याला सांगत सुटले.

मामा म्हणजे आमच्या दवाखान्याचे परिचर. नात्याने कुणी नव्हेत, पण सगळा दवाखाना त्यांना मामाच म्हणतो. ते तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, आता घरी शेती आहे. सहा वर्षं आमचं असंच चाललं होतं. मी जीप चालवायची, त्यांनी शेजारी बसून सांगायचं, "डावी घ्या. आता बाभळीच्या अंगानं. आता उतरा वढ्यात, भेऊ नका, खाली दगड हाय." मी डावी घ्यायची, बाभळीच्या अंगाने जायची, ओढ्यात उतरायची आणि पोचायची. वाट सांगणारा शेजारी असला की आपण वाट शिकत नाही, हे मला सहा वर्षांत एकदाही जाणवलं नाही.

जाणवलं ते मामा भाचीच्या लग्नाला गेले तेव्हा. त्याच दिवशी लांबच्या एका तांड्यावरून निरोप आला, गाय फुगलीय. मी एकटी निघाले. फोनमधल्या नकाशाने डांबर संपेपर्यंत मोठ्या तोऱ्यात वाट दाखवली. पुढे त्याच्याकडे काहीच नव्हतं. फिकट हिरवा रंग आणि त्यात माझा निळा ठिपका. खोलगट भागात उतरले तशी रेंजही गेली. मी दोन तास भटकले, दोनदा त्याच लिंबाखाली येऊन पोचले. तांड्यावर गेले तेव्हा गाय गेलेली होती. पोट फुगल्यावर जनावर फार वेळ देत नाही.

गाईची मालकीण साठीची असेल. तांड्यात सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणते. याडी मला एक शब्द बोलली नाही. तिने बाज टाकली, पाणी दिलं आणि चहा केला. तो चहा मला संपवता आला नाही. अर्धा कप तसाच ठेवून मी उठले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला परतताना सारखं वाटत होतं. हे मी घरी सांगितलं नाही, फक्त मामांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चहा तं प्यायचा व्हता."

आणि आता मामा मेअखेर निवृत्त होणार होते.

म्हणून ही सगळी खरेदीची धावपळ. माझं म्हणणं सरळ होतं. मामांच्या डोक्यात जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या मेच्या आत कशात तरी भरून घ्यायच्या. नाहीतर पावसाळ्यात मी पुन्हा त्या लिंबाला प्रदक्षिणा घालत बसणार आणि कुणाच्या तरी दारातलं जनावर जाणार. याडीच्या दारात तर मला दुसऱ्यांदा उशिरा जायचंच नव्हतं. तिथे पुन्हा तसा चहा पुढे आला असता तर मी बदली मागून मोकळी झाले असते.

माझा नवरा बाळापूरला गणित शिकवतो. त्याला मी हे सांगितलं ही माझी चूक. त्याने पंधरा दिवस वहीत तक्ते आखले. वजन, बॅटरी, मेमरी, स्क्रीनचा आकार, सगळ्याला गुण. त्याच्या तक्त्यात पहिला आलेला लॅपटॉप आम्ही एका ओळखीच्यांकडून दोन दिवस मागून आणला. मोठा, देखणा, झटपट चालणारा. पहिल्याच पांदणीत तो मामांच्या मांडीवरून उडून गिअरवर आदळला. मामांनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं, मग वाट दाखवायला त्यांचा हात रिकामा राहिला नाही. संध्याकाळी कीबोर्डच्या फटींत इतकी माती होती की नवऱ्याने रंगाच्या ब्रशने ती तासभर झाडली. झाडताना तो एकदाही तक्त्याबद्दल बोलला नाही.

तेव्हापासून मी तक्ते बाजूला ठेवले आणि तीनच प्रश्न ठरवले. उन्हात दिसतं का? आदळलं तर टिकतं का? आणि रेंज नसताना त्याला आपण कुठे आहोत हे कळतं का? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि त्याचं श्रेय मात्र नवऱ्याचं. त्यानेच शोधून काढलं की पुष्कळ यंत्रांना जागा कळते ती इंटरनेटच्या आधाराने. घरात बसून ती मोठ्या रुबाबात पत्ता सांगतात आणि माळावर नेली की मुकी होतात. आपल्याला थेट उपग्रहाचा सिग्नल पकडणारं यंत्र हवं होतं. दुकानात विचारलं की सगळे म्हणत, "सब है, मॅडम." मी म्हणायची, मग इंटरनेट बंद करा आणि रस्त्यावर या.

असं करत करत हिंगोलीतली दुकानं संपली. नांदेडला जुन्या मालाच्या एका दुकानात अखेर ते सापडलं. जाड रबराच्या काठांचा छोटा कॉम्प्युटर, कीबोर्ड हवा तर लावा, नको तर काढा, स्क्रीनला चकाकी नाही. आधी तो कुठल्यातरी रस्त्याच्या कामावर मोजणीवाल्यांकडे होता. एका कोपऱ्यात सिमेंटचा शिंतोडा वाळलेला होता, तो मला फार आवडला. मी इंटरनेट बंद केलं आणि त्याला भर उन्हात फुटपाथवर नेलं. दोन मिनिटं थांबून त्याने आमचा ठिपका दाखवला. मामांनी आधी स्क्रीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ह्यात तोंड दिसत न्हाई," ते म्हणाले. "घ्या." वारंगा फाट्यावरच्या वेल्डरने ट्रॅक्टरची जुनी पट्टी वाकवून आणि सायकलच्या ट्यूबचं रबर लावून जीपमध्ये त्याच्यासाठी बैठक करून दिली. ती आजतागायत हललेली नाही.

यंत्र मिळालं, आता त्यात नकाशा कुठला घालायचा? पहिलं सॉफ्टवेअर बाईच्या आवाजात बोलणारं होतं. ती बाई डांबर सोडायला तयार नव्हती. समोर माळापलीकडे तांड्याचे पत्रे चमकत असताना ती आम्हाला मागे वळून वारंगा फाट्यावरून मोठा वळसा घालायला सांगत होती. आम्ही ऐकलं नाही की पुन्हा तेच, आधीपेक्षा हळू आवाजात. मामा हात जोडून तिला म्हणाले, "बाई, तू घरी जाय." दुसरं सॉफ्टवेअर दिसायला सुंदर होतं, आकाशातून काढलेल्या फोटोंचं, एकेक विहीर ओळखू यावी असं. पण त्यावर आपण काही काढू शकत नव्हतो. जे आहे ते बघायचं आणि गप्प बसायचं.

तिसरं अगदी साधं. कुणी हौशी लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट, रंग उडाल्यासारखं दिसणारं. त्यात नकाशा घरूनच भरून न्यायचा. बटण दाबलं की आपण जाऊ तिथून मागे तांबडी रेघ उमटत जाते. रेघेला नाव देता येतं, तेही मराठीत. आणि ते कुणाला काही सांगत नाही. डावीकडे जा म्हणत नाही, चुकलात म्हणत नाही. मामांनी अर्धा दिवस त्याची परीक्षा घेतली आणि पास केलं. "हे गप बसतं," ते म्हणाले. "हे बराबर हाय."

एप्रिल आणि मे हे दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे महिने. रोज सकाळी लसीकरणाला निघायचो, मी बटण दाबायची, मामा नावं सांगायचे आणि मी थांबून टाइप करायची. आंधळ्या बैलाची चढण. सासूचा वढा. दोन लिंब एक बाभूळ. एका ठिकाणी मागे कधी खड्ड्यात चाक जाऊन थर्मासमधला चहा माझ्या मांडीवर सांडला होता. तिथे पोचल्यावर मामा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "चहाचा खड्डा. लिवा." मी लिहिलं. ते आजही तसंच आहे.

ढोरांच्या वाटांबद्दल ते वेगळ्याच आदराने बोलत. त्यांच्या आज्याच्या बापाने म्हणे याच माळावरून लादलेले बैल नेले होते. "बैल जवळची वाट बघत न्हाई, मॅडम. पाणी कुठून जवळ हाय ते बघतो." असं एखादं सांगून झालं की ते स्क्रीनवरच्या तांबड्या रेघेकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "म्हंजे म्या आता ह्या डब्यात." मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, मामा, तसं नाही हो. ते हसले. "न्हाई, बरं हाय की. डब्यात पाऊस लागत न्हाई."

याडीच्या तांड्याची वाट आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात घेतली. सरळ, सपाट रानातून, वीस मिनिटांत तांडा. मी खूश. मामा म्हणाले, "ही मोकळी वाट. लिवा." मी लिहिलं, मोकळी वाट. परत फिरताना मात्र त्यांनी मला दुसरीकडे घातलं. दगडधोंड्यांचा माळ, मग एक उतार, मग ओढ्याच्या कडेकडेने लांबच लांब. डोक्यावर ऊन तापलेलं, जीपचा पत्रा हात लावू देईना. मी चिडून विचारलं, चांगली वाट असताना इथून काहून न्यायलात? माझी चिडचिड वाढली की माझी भाषा त्यांच्यासारखी होते. ते म्हणाले, "एकदा जाऊन तं पाहा. ही हळदीची वाट. लिवा." मला वाटलं, पूर्वी बाजाराला इथून हळदीच्या गाड्या जात असतील. मी लिहिलं, हळदीची वाट. तसंच दुसऱ्या एका गावाकडे जाताना त्यांनी एक 'तुरीची वाट'ही लिहायला लावली. मी म्हटलं, काय सुरेख नावं आहेत. नवऱ्याला घरी मी ती वाचूनही दाखवली.

मेअखेर मामांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पेढे. भाषणात मी गडबडले, कारण रडू येत होतं आणि लोकांसमोर रडायला मला आवडत नाही. मामांनी भाषण केलंच नाही. जाताना त्यांनी जीपमधल्या त्या बैठकीचे नट हाताने पिळून पाहिले आणि घरी गेले.

श्रावणातल्या एका सकाळी फोन आला. याडीचा मुलगा होता. त्यांच्याकडे आता म्हैस होती, पहिल्या वेताची, पहाटेपासून अडलेली. एक पाय बाहेर, दुसऱ्याचा पत्ता नाही. मी ट्रेमध्ये दोर, साबण, औषधं भरली आणि निघाले. यंत्र लावलं. तांड्याला दोन रेघा जात होत्या. मी अर्थातच मोकळी वाट घेतली. घाई असताना मोकळी वाट सोडून दुसरी कोण घेईल?

लिंबापर्यंत सगळं ठीक. मग बांध आला आणि वाट संपली. समोर हळद. मांडीपर्यंत वाढलेली, रुंद पानांची, ओलसर, हिरवीगार हळद, पार पलीकडच्या बांधापर्यंत. यंत्रावर तांबडी रेघ त्या हळदीच्या मधोमध सरळ गेलेली. माझा ठिपका बांधावर थांबलेला. मे महिन्यात इथे ढेकळं होती आणि त्यावरून आम्ही गाणी म्हणत जीप नेली होती. हळदीच्या जिल्ह्यात जन्मलेली बाई मी, आणि जूनमध्ये लागवड होते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रेंज नाही. तो अर्धा कप चहा डोळ्यासमोर आला. काही सुचेना म्हणून मी स्क्रीनवर बोट ठेवून नावं वाचायला लागले, मोठ्याने, एकेक. आंधळ्या बैलाची चढण. सासूचा वढा. मोकळी वाट. हळदीची वाट. आणि तिथेच थांबले. मी समोरच्या हळदीकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. पीक निघालं की आपल्याकडे काय म्हणतात? रान मोकळं झालं. मोकळी वाट म्हणजे रान मोकळं असतानाची वाट. हळदीची वाट म्हणजे हळद उभी असताना जायची वाट. मी जागेची नावं म्हणून लिहून घेत होते आणि मामा मला महिने सांगत होते.

मी जीप मागे घेतली. दगडधोंड्यांचा माळ, उतार, ओढ्याची कड. मेमध्ये ज्या दगडांना मी शिव्या घातल्या होत्या त्याच दगडांवर चाकं घट्ट बसत होती. बाकी सगळीकडे चिखल होता, तिथे नव्हता. ठिपका रेघेवरून सरकत राहिला आणि यंत्र नेहमीसारखं गप्प होतं.

म्हैस उभी होती. मान खाली, श्वास जोरात, पण उभी होती. याडी तिच्या कपाळावर हात ठेवून होती. मी कोपराच्या वरपर्यंत हात धुतले आणि साबण लावून आत हात घातला. पिल्लाचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे अडकला होता. कळ थांबली की पिल्लाला थोडं आत रेटायचं, खूर तळव्यात झाकून घ्यायचा आणि पाय पुढे आणायचा. चौथ्या वेळी तो आला. मग दोर लावले, याडीचा मुलगा आणि मी कळेबरोबर ओढत गेलो, आणि एकदम सगळं घसरून चाऱ्यावर आलं. मादी होती, वगार. मी नाकातला चिकटा काढला, छाती चोळली. तिने डोकं झटकलं आणि शिंकली. म्हैस वळली आणि तिला चाटायला लागली. मी तिथेच शेणात बसून राहिले. उठायची इच्छा होत नव्हती, इतकं बरं वाटत होतं.

याडीने बाज टाकली, पाणी दिलं आणि चहा केला.

परतताना माळाच्या माथ्यावर रेंज आली. मी जीप थांबवून मामांना फोन लावला. ते शेतात होते, मागे कुणीतरी बैलाला हाकत होतं. मी हॅलोही न म्हणता सुरू केलं. मामा, हळदीची वाट म्हणजे हळद उभी असताना जायची, हे तुम्ही मला सांगितलं काहून नाही?

ते म्हणाले, "सांगितलं तं, मॅडम. तुमीच लिवलं."

म्हैस सुटली, वगार झाली, दोघी बऱ्या आहेत, एवढं मी सांगितलं. "बराबर," ते म्हणाले. फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

"आन् चहा?"

"दोन कप प्यायले, मामा," मी म्हटलं. "दुसरा मागून घेतला."